मेणाच्या वड्यांचे दप्तर

एकाच घरात दोघांना ताप येतो. वैद्य दोघांना एकच काढा देतो. एक चार दिवसांत उठून कामाला लागतो आणि दुसरा अंथरुणातच राहतो. असे का होते, हा प्रश्न आपल्या आजी-पणजीनेही विचारला असणार आणि "ज्याची त्याची प्रकृती" असे म्हणून सोडूनही दिला असणार. ते उत्तर चुकीचे नाही. पण प्रकृती म्हणजे नेमके काय? आणि औषध देण्याआधीच ती ओळखता येईल का? आज या प्रश्नाच्या इतिहासातले एक लहानसे प्रकरण सांगायचे आहे. ते आहे मूत्राशयाच्या कर्करोगाचे.

मी डॉक्टर नाही. मराठी माध्यमातून बी.ए. झालो, इतिहास विषय घेतला आणि आयुष्यभर तोच शिकवला. निवृत्तीनंतर या विषयाकडे वळलो ते एका मित्रामुळे. आमच्याच शाळेत ते विज्ञान शिकवत. लघवीतून रक्त गेले म्हणून तपासण्या झाल्या आणि कर्करोग निघाला. तो मूत्राशयाच्या आतल्या अस्तरापुरता न राहता स्नायूच्या थरात शिरलेला होता. डॉक्टरांनी दोन वाटा सांगितल्या. एक, मूत्राशय काढून टाकायचे आणि लघवीसाठी पोटावर पिशवी लावून राहायचे. दुसरी, दुर्बिणीतून गाठ खरवडून काढायची आणि मग किरणोपचार, म्हणजे आपल्याकडे ज्याला 'लाईट देणे' म्हणतात ते करायचे. दुसरी वाट साधली तर मूत्राशय वाचते. नाही साधली तर वेळ वाया जातो आणि शेवटी शस्त्रक्रिया करावीच लागते.

मित्राने विचारले, "माझ्या गाठीवर किरण चालतील की नाही, हे आधी सांगता येईल का?" डॉक्टर सरळ माणूस होते. म्हणाले, "नाही. दिल्यावरच कळेल." मित्राने शस्त्रक्रिया निवडली. पुढे अकरा वर्षे ते पिशवी लावून जगले, रोज सकाळी फिरायला यायचे आणि त्या पिशवीवर विनोदही करायचे. पण तो प्रश्न त्यांनी सोडला नाही. मलाही तो चिकटला तो कायमचा.

आता थोडे मागे जाऊ. इतिहासात काही साले मोठी गमतीची असतात. १८९५ साली जर्मनीत वुर्झबर्ग येथे राँटजेन यांना क्ष-किरण सापडले. त्याच वर्षी, त्याच देशात, फ्रँकफर्टचे शल्यविशारद लुडविग रेन यांनी रंगाच्या कारखान्यात फुक्सिन बनवणाऱ्या कामगारांना मूत्राशयाच्या गाठी होत असल्याचे मांडले. आजाराचे एक कारण आणि त्यावरच्या एका उपायाचे बीज असे एकाच वर्षी पुढे आले. तीन वर्षांनी, १८९८ मध्ये, पॅरिसमध्ये क्युरी दांपत्याने रेडियम शोधले आणि थोड्याच काळात डॉक्टर मंडळी किरणांनी गाठी जाळू लागली.

काही गाठी विरघळल्यासारख्या नाहीशा होत, काही जशाच्या तशा राहत. का, हे सांगण्याचा पहिला नेटका प्रयत्न १९०६ मध्ये बेर्गोनिए आणि त्रिबोंदो या दोन फ्रेंच संशोधकांनी केला. उंदरांच्या वृषणांवर किरण सोडून त्यांनी नियम मांडला, की ज्या पेशी झपाट्याने विभागतात आणि अजून पक्क्या झालेल्या नाहीत, त्या किरणांना लवकर बळी पडतात. नियम उपयोगी होता, पण ढोबळ होता. इयत्ता नववीतली मुले पाचवीतल्या मुलांपेक्षा समजूतदार असतात, असे म्हणण्यासारखा. त्यावरून समोरच्या बाकावरचा मुलगा कसा आहे ते कळत नाही.

पुढचे पाऊल लंडनमध्ये पडले. हॅल ग्रे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये दाखवून दिले की किरणांना प्राणवायूची साथ लागते. प्राणवायू नसलेल्या पेशी मारायला जवळजवळ तिप्पट मात्रा लागते. दोन वर्षांनी थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी फुप्फुसाच्या गाठींच्या चकत्या सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्या. रक्तवाहिन्यांजवळच्या पेशी टवटवीत होत्या, पण साधारण १५० ते २०० मायक्रॉन आत गेले की मेलेला भाग सुरू होई. म्हणजे मिलिमीटरच्या जेमतेम पाचव्या हिश्शाच्या आत. जिवंत आणि मृत भागांच्या सीमेवर, प्राणवायूवाचून कशाबशा तग धरलेल्या पेशी असणार, आणि किरणांतून वाचणाऱ्या त्याच, असा त्यांचा तर्क होता.

मग सरळ उपाय सुचतो: रोग्याला जास्त प्राणवायू द्या. तसे केलेही. रोग्यांना दाबाखालच्या प्राणवायूच्या बंद पेटीत ठेवून किरण दिले गेले. पण मूत्राशयाच्या कर्करोगावर ब्रिटनमध्ये झालेल्या अशा चाचणीचा निकाल १९७८ मध्ये आला, आणि फायदा दिसला नाही. तर्क चांगला आणि निकाल वाईट, हे या गोष्टीत पुन्हा भेटणार आहे.

आता प्रथिनांकडे येतो. गाठीचा जो तुकडा तपासायला काढतात तो मेणाच्या वडीत बसवून ठेवतात. त्याची केसाहून पातळ चकती कापून काचपट्टीवर लावतात. १९४१ मध्ये अमेरिकेत अल्बर्ट कून्स यांनी एक युक्ती काढली. आपले शरीर रोगजंतूंविरुद्ध जी प्रतिपिंडे बनवते, ती नेमक्या एकाच प्रथिनाला जाऊन चिकटतात. त्या प्रतिपिंडाला चमकणारा रंग जोडून दिला, की ते प्रथिन कुठे आहे ते दिसते. पुढे १९७५ मध्ये केंब्रिजला कोलर आणि मिलस्टाईन यांनी एकाच जातीची प्रतिपिंडे हवी तेवढी बनवायची रीत शोधली. त्यामुळे ही तपासणी जगभरच्या प्रयोगशाळांत पोचली. आता बहुधा तपकिरी रंग वापरतात. प्रथिन जास्त असेल तर काचपट्टीवर पेशी गडद तपकिरी दिसतात, कमी असेल तर फिक्या.

या मेणाच्या वड्या फेकून देत नाहीत. रुग्णालयांच्या कपाटांत त्या वर्षानुवर्षे राहतात, आणि प्रत्येकीच्या मागे रोग्याची फाईल असते: उपचार काय झाले, रोगी किती जगला. हे वाचले तेव्हा मला पेशवे दप्तरातले रुमाल आठवले. कागद तेव्हा वेगळ्याच कारणासाठी लिहिलेला असतो. शंभर-दोनशे वर्षांनी कोणी नवा प्रश्न घेऊन येतो आणि रुमाल सोडून त्याच कागदाला पुन्हा बोलते करतो. संशोधकांनी या वड्यांचे तेच केले. जुन्या वड्या काढल्या, नव्या प्रतिपिंडांनी रंगवल्या, आणि किरण लागू पडलेल्या व न पडलेल्या रोग्यांत फरक दिसतो का ते पाहिले.

पहिला मान मिळाला पी-५३ या प्रथिनाला. ते १९७९ मध्ये सापडले. पेशीत बिघाड झाला तर विभागणी थांबवणारे, प्रसंगी पेशीला मरायला लावणारे हे प्रथिन आहे. १९९४ मध्ये एका अमेरिकन अभ्यासात दिसले की मूत्राशय काढलेल्या ज्या रोग्यांच्या गाठीत पी-५३ साठलेले होते, त्यांच्यात रोग जास्त उलटत होता. मोठी आशा निर्माण झाली. पण या खुणेवर विसंबून उपचार ठरवण्याची जी चाचणी झाली, तिच्या २०११ च्या निकालाने ती आशा खरी ठरवली नाही. किरणांच्या बाबतीतही काही अभ्यास पी-५३ च्या बाजूने गेले, काही विरुद्ध. २००५ मध्ये अमेरिकेतच चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी, औषधे आणि किरण एकत्र दिलेल्या ७३ रोग्यांच्या गाठी तपासल्या. स्तनाच्या कर्करोगामुळे प्रसिद्ध असलेले हर-२ प्रथिन ज्यांच्यात जास्त होते, त्यांच्यापैकी ५० टक्क्यांत गाठ पूर्ण नाहीशी झाली. बाकीच्यांत हे प्रमाण ८१ टक्के होते. फरक ठळक होता, पण रोगी थोडे होते.

इथे एक भेद नीट समजून घेतला पाहिजे. मी तो शाळेतल्या उदाहरणाने सांगतो. एखादा मुलगा असा असतो की त्याला कुठल्याही शाळेत घाला, तो पहिलाच येणार. दुसरा असा असतो की एका शाळेत कोमेजतो आणि दुसरीत फुलतो. पालकांना शाळा निवडायची असेल, तर पहिल्या मुलाच्या हुशारीची माहिती काही कामाची नाही. दुसऱ्या मुलाला कोणती शाळा मानवेल, हे कळले पाहिजे. गाठीतल्या खुणांचेही तसेच. काही खुणा फक्त एवढेच सांगतात की रोग सौम्य आहे की दांडगा. उपचार कोणताही करा, निकाल तोच. माझ्या मित्राला हवी होती दुसऱ्या प्रकारची खूण, शस्त्रक्रिया की किरण हे सांगणारी. आणि ती ओळखायची तर किरण घेतलेल्यांबरोबर शस्त्रक्रिया झालेल्यांच्या वड्याही तपासायला हव्यात.

नेमके हेच २०१० मध्ये इंग्लंडमध्ये अनन्या चौधरी, अ‍ॅन किल्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केले. त्यांचा भर एमआरई-११ या प्रथिनावर होता. किरण पेशीतल्या डीएनएचा धागा तोडतात. दोन्ही पदर तुटले की पेशीवर संकट येते. तुटलेली जागा हेरून डागडुजीची माणसे बोलावणाऱ्यांत हे प्रथिन पुढे असते. आता साधा तर्क काय सांगतो? ज्या गाठीत डागडुजी करणारे कमी, ती गाठ किरणांनी लवकर मरावी. निघाले उलटेच! पहिल्या ८६ रोग्यांत, ज्यांच्या गाठीत एमआरई-११ कमी होते, त्यांच्यापैकी तीन वर्षांनी या कर्करोगाच्या मृत्यूतून बचावलेले सुमारे ४३ टक्के होते. ज्यांच्यात ते जास्त होते, त्यांच्यात सुमारे ६९ टक्के. त्यांनी दुसऱ्या ९३ रोग्यांवर हेच पुन्हा करून पाहिले, तर ४३ आणि ७१ टक्के. आणि मूत्राशय काढलेल्या ८८ रोग्यांत? तिथे एमआरई-११ कमी असो वा जास्त, फरक पडत नव्हता.

म्हणजे ही खूण दुसऱ्या प्रकारची होती, शाळा निवडून देणारी! २०१२ मध्ये डेन्मार्कमधूनही तिला दुजोरा मिळाला. माझे मित्र तेव्हा हयात होते. मी त्यांना हे वाचून दाखवले तेव्हा ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "चला, पुढच्याला तरी सांगता येईल."

पण गोष्ट इथे संपत नाही. एखादी तपासणी रोजच्या वापरात आणायची तर ती गावोगावच्या प्रयोगशाळेत सारखीच आली पाहिजे. म्हणून त्याच गटाने इतरांना बरोबर घेऊन एक मोठे काम हाती घेतले. ब्रिटनमधल्या दोन मोठ्या चाचण्यांच्या वड्या त्यांनी मिळवल्या. एका चाचणीत ३६० रोगी होते आणि किरणांबरोबर औषधे दिल्याने फायदा होतो हे २०१२ मध्ये तिने सिद्ध केले होते. दुसरीत ३३३ रोगी होते. तिच्याकडे लगेच येतो. या वड्या रंगवून तीन केंद्रांतल्या जाणकारांनी तपासल्या. सर्वांनी सारखे गुण द्यावेत म्हणून नमुना तक्ते केले, कामाची लेखी पद्धत ठरवली.

हे वाचताना मला बोर्डाच्या पेपर तपासणीची आठवण झाली. मॉडरेटर सगळ्या परीक्षकांना बसवून नमुना उत्तरे समजावून सांगतात. तरीही एकाच निबंधाला एक परीक्षक दहापैकी आठ देतो आणि दुसरा पाच. तपकिरी रंग किती गडद, किती पेशींत, हे ठरवणे म्हणजे निबंधच तपासणे आहे. इथेही तसेच झाले. परीक्षकांचे किती जुळते हे मोजायचे एक माप आहे. त्यात शून्य म्हणजे निव्वळ योगायोगाने जुळले आणि एक म्हणजे पूर्ण जुळले. या तीन केंद्रांचे माप आले ०.३२. आणि त्याहून मोठा धक्का म्हणजे, एका चाचणीतल्या १३२ आणि दुसरीतल्या २२१ रोग्यांत एमआरई-११ चा रोग्याच्या जगण्या-मरण्याशी काही संबंधच दिसला नाही. रंगवण्याची पद्धत सुधारून पाहिली, तेव्हा गुण जास्त जुळू लागले, पण संबंध तरीही दिसला नाही.

हे सारे त्यांनी २०१९ मध्ये छापले. ज्यांनी खूण शोधली त्यांच्यापैकीच काही नावे या निबंधावरही आहेत. डोळ्यांनी बघून गुण देण्याची ही पद्धत भरवशाची ठरत नाही, असे त्यांनी स्वच्छ लिहिले. यंत्राने मोजणारी पद्धत हवी, किंवा डीएनएच्या डागडुजीचा उपचारांच्या निकालाशी काय संबंध आहे हे नव्याने तपासायला हवे, असेही सांगितले. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा पहिला खंड काढला तेव्हापासून आपण शिकत आलो आहोत, की बखरीतली गोष्ट कितीही गोड असली तरी अस्सल कागदाशी ताडून पाहावी. पण दुसऱ्याची बखर ताडणे सोपे असते. नऊ वर्षांपूर्वी आपणच लिहिलेली, जगाने वाखाणलेली गोष्ट स्वतः ताडून पाहायची आणि जुळत नाही असे छापायचे, याला वेगळे मन लागते. माझ्या लेखी या साऱ्या प्रकरणातले सर्वांत मोलाचे पान हेच आहे. ते छापले गेले नसते, तर कुठेतरी एखाद्या रोग्याचे मूत्राशय ठेवायचे की काढायचे हे त्या तपकिरी रंगाच्या छटेवर ठरले असते.

आता त्या ३३३ रोग्यांच्या चाचणीकडे. प्राणवायूची जुनी कल्पना तिने पुन्हा हाती घेतली होती. बंद पेटीऐवजी रोग्यांना किरण देताना ९८ टक्के प्राणवायू आणि २ टक्के कार्बन डायऑक्साइड असा वायू हुंगायला दिला आणि निकोटिनामाइड, म्हणजे ब-जीवनसत्त्वाचाच एक प्रकार, खायला दिला. त्याने गाठीतला रक्तपुरवठा सुधारतो. २०१० मध्ये निकाल आला. तीन वर्षांनी नुसत्या किरणांच्या गटात ४६ टक्के आणि या गटात ५९ टक्के रोगी जिवंत होते. मग या रोग्यांच्या वड्या पाहिल्या. ज्यांच्या गाठीत मेलेला भाग दिसत होता, त्यांनाच या वायूचा फायदा झाला होता. थॉमलिन्सन आणि ग्रे यांनी १९५५ मध्ये पाहिलेला तोच मेलेला भाग! २०१४ मध्ये एचआयएफ-१ अल्फा या प्रथिनाबद्दलही असेच दिसले. प्राणवायू कमी पडला की पेशीत हे प्रथिन वाढते. पेशी प्राणवायूची चाहूल कशी घेतात, या शोधाला २०१९ चे नोबेल पारितोषिक मिळाले. इथे रोगी चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे दोन गटांत वाटलेले होते, त्यामुळे या खुणांच्या साक्षीला वजन आहे.

चिठ्ठ्यांवरून आठवले. शस्त्रक्रिया आणि किरण यांची अशीच थेट तुलना करण्याचा प्रयत्न ब्रिटनमध्ये २००७ मध्ये सुरू झाला. तो २०१० मध्ये बंद करावा लागला, कारण जेमतेम ४५ रोगी मिळाले. नवल नाही. आपले मूत्राशय राहणार की जाणार हे चिठ्ठीवर कोण सोडेल? म्हणून तर खुणेची गरज आहे.

आज परिस्थिती अशी आहे, की शस्त्रक्रिया की किरण हे ठरवण्यासाठी रोजच्या व्यवहारात वापरावे असे एकही प्रथिन नाही. डॉक्टर गाठ किती मोठी, एकच आहे की अनेक, दुर्बिणीतून पूर्ण काढता आली का, मूत्रपिंड फुगले आहे का, मूत्राशय नीट काम करते का, हे पाहून सल्ला देतात. २०२३ मध्ये अमेरिका आणि कॅनडातल्या ७२२ रोग्यांच्या नोंदी जुळवून पाहिल्या, तेव्हा असे निवडून घेतलेल्या रोग्यांत दोन्ही वाटांचे निकाल जवळजवळ सारखे आले. पाच वर्षांनी दोन्ही गटांत सुमारे ७५ टक्के रोग्यांच्या शरीरात रोग इतरत्र पसरलेला नव्हता. म्हणजे योग्य रोग्याला मूत्राशय वाचवण्याची वाट खरोखरच खुली आहे. ही लहान गोष्ट नाही. कुणाला डॉक्टर एकच वाट सांगत असतील, तर दुसरीबद्दल अवश्य विचारावे.

पण हा विशिष्ट माणूस, ही विशिष्ट गाठ, याचे उत्तर अजून कपाटातल्या वड्यांतच आहे. तिथे आता यंत्रे मोजणी करत आहेत, डीएनए वाचला जात आहे. इतिहासाच्या माणसाला यात निराश होण्यासारखे काही वाटत नाही. मोडीतला कागद पहिल्या वाचनात कधीच पूर्ण लागत नाही. एक शब्द चुकीचा लागतो, कोणीतरी तो खोडून दाखवतो, मग पुढची ओळ लागते. खोडणाऱ्याचे नाव सहसा कोणी लक्षात ठेवत नाही. आपण ठेवावे, एवढेच सांगायचे होते.